मागच्या जिन्याचं दार

कापसाची जुनी गादी पेटते तेव्हा आधी वास येतो, धूर बऱ्याच वेळाने दिसतो. त्या रविवारी सकाळी तो वास आला तेव्हा मी खोलीत साडीला इस्त्री करत होते. मला वाटलं, माझीच साडी करपली. इस्त्री उचलून पाहिली, तर साडी ठीक होती.

"ज्योत्स्ना, तुला कसला वास येतोय का?" मी विचारलं.

ज्योत्स्ना महाले, माझी खोलीतली जोडीदारीण, नुकतीच न्हाऊन आली होती. खांद्यावर ओला टॉवेल टाकून खिडकीपाशी केस झटकत बसली होती. तिने नाक वर करून हुंगलं आणि म्हणाली, "सरूबाईंनी चुलीत काहीतरी ओलं घातलं असेल." सरूबाई म्हणजे आमच्या मेसच्या स्वयंपाकीण. मेस मागच्या अंगणापलीकडे होती आणि तिथला धूर रोजच वर यायचा, म्हणून मलाही ते पटलं. मी पुन्हा साडीकडे वळले. तेवढ्यात इस्त्रीचा दिवा विझला.

आमचं ते डी.एड. कॉलेज खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी होतं. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही, तिथे अजून माणसं आहेत. मुलींचं वसतिगृह कॉलेजच्या मागे, दोन मजली, प्रत्येक खिडकीला लोखंडी जाळी. मधोमध मोठा जिना. त्या जिन्याखाली विजेचे मीटर, आणि त्यांच्याच पुढ्यात दिवाळीनंतर बदललेल्या जुन्या गाद्यांची थप्पी. "उद्या उचलू, परवा उचलू" करता करता माघ उजाडला तरी ती तिथेच होती. येता-जाता मुली तिच्यावर बसून बूट घालायच्या. व्हरांड्याच्या एका टोकाला एक अरुंद मागचा जिना होता, तो खाली कपडे वाळत घालायच्या अंगणात उतरायचा. त्याच्या तळाशी लोखंडी दार होतं आणि त्या दाराला बाहेरून कुलूप असायचं.

कुलूप का, हे मला आल्या दिवशीच कळलं होतं. माझा प्रवेश दुसऱ्या यादीत झाला. मी आले तोवर पालकांची सभा होऊन गेली होती. मुलींनी सांगितलं, गेल्या उन्हाळ्यात त्या जिन्याने कोणी माणूस थेट वरच्या मजल्यापर्यंत आला होता. पकडला गेला नाही. वरच्या मजल्यावरच्या एका मुलीला तिच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी घरी नेलं आणि महिन्याभरात तिचं लग्न लावून टाकलं. त्यानंतर सभेत पालकांनी लावून धरलं की मागचं दार बंद झालंच पाहिजे, आणि ते झालं. आम्हाला कपडे वाळत घालायला पुढून सगळा वळसा घालून जावं लागे, एवढाच काय तो त्या कुलपाचा आम्हाला जाच. उलट रात्री त्या टोकाच्या खोल्यांतल्या मुली त्याच्यामुळे निवांत झोपायच्या. खोटं कशाला बोलू, मीही झोपायचे.

इस्त्री विझली आणि खालून कोणीतरी ओरडलं. शब्द कळले नाहीत. मी दार उघडून व्हरांड्यात आले. जिन्याच्या तोंडातून धूर वर येत होता, पण चुलीचा असतो तसा नव्हे. काळा, जड, तेलकट. वर येऊन तो छताला लागत होता आणि छताखालून आमच्याकडे सरकत होता, पाण्याची पातळी चढावी तसा, फक्त उलटा.

सुट्टीचा दिवस, बऱ्याच मुली शनिवारीच घरी गेलेल्या. आमच्या मजल्यावर आम्ही दोघी आणि पलीकडच्या खोल्यांतल्या तिघी-चौघी होतो. सगळ्या बाहेर आल्या. एक मधल्या जिन्याकडे धावली आणि खोकत परत फिरली. मग कोणी काही न बोलता आम्ही मागच्या जिन्याकडे पळालो. कुलूप आहे हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तिकडेच पळालो, कारण दुसरं कुठे पळणार?

जिना उतरेपर्यंत तिथे हवा बरी होती. आम्ही दारावर हातांनी, चपलांनी, जे हाती आलं त्याने ठोकायला लागलो. बाहेरून सरूबाईंचा आवाज आला, "कुलूप आहे गं पोरींनो. थांबा, बाईंना आणते." त्यांच्या धावण्याचा आवाज ऐकू आला. मग वरून धूर जिन्यात उतरायला लागला.

बाई म्हणजे आमच्या रेक्टर, कमल खैरनार. त्या वेळी त्या पुढच्या बाजूला मुलींकडून बादल्या भरून घेऊन जिन्याखालच्या आगीवर फेकत होत्या. त्यांच्या ऑफिसात आग विझवायचं लाल नळकांडं भिंतीला टांगलेलं होतं. ते कोणीतरी काढूनही आणलं होतं, पण ते चालवायचं कसं हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. नंतर ते अंगणात तसंच आडवं पडलेलं मी पाहिलं.

दाराशी आम्ही एकमेकींना चिकटून उभ्या होतो. ज्योत्स्ना मागे वळून सगळ्यांचे चेहरे पाहत होती. अंधारात तिने एकेकीचं नाव घेतलं आणि मग विचारलं, "शोभना कुठाय?"

शोभना ईशी कोपऱ्यातल्या खोलीत राहायची. फार बोलायची नाही. कोणीतरी म्हणालं, ती न्हाणीघरात गेली होती. 

ज्योत्स्नाने खांद्यावरचा ओला टॉवेल नाकातोंडाला बांधला. मला म्हणाली, "तू ठोकत राहा. थांबू नकोस." आणि ती वर गेली.

मी तिचा हात धरला होता की नाही, हे मी पुढे कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. आठवत नाही. ठोकत राहिले हे आठवतं. हाताची चामडी सोलली होती तेही आठवतं.

बाई आल्या. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेलाच होता. किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. पावसाळा आणि अख्खा हिवाळा त्या कुलपाने उघड्यावर काढला होता. आतून आम्ही ओरडत होतो आणि बाहेर बाई कुलपाशी झगडत होत्या, आणि त्यांच्या तोंडून सारखं एकच निघत होतं, "उघड रे बाबा, उघड रे बाबा," जसं कोणी अडून बसलेल्या पोराला समजावतं. शेवटी शेजारच्या लाकडाच्या वखारीतली दोन माणसं पहार घेऊन आली. त्यांनी कडीच उपटून काढली. आम्ही एकमेकींवर कोसळत बाहेर पडलो.

बाईंनी आम्हाला एकेकीला दंडाला धरून उजेडात ओढलं, चेहरे पाहिले. म्हणाल्या, "ज्योत्स्ना?"

मी वर बोट केलं. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या जिन्यात शिरल्या. वखारीतल्या माणसांनी त्यांना मागून धरून बाहेर खेचलं. त्या पुन्हा शिरल्या. दुसऱ्यांदा बाहेर आणलं तेव्हा त्यांना उभं राहता येत नव्हतं.

नगरपालिकेची अग्निशामक गाडी आली. आग फार मोठी नव्हतीच, जिन्याखालच्या गाद्या, मीटर, वायरी आणि जिन्याचा लाकडी कठडा, एवढंच जळलं होतं. ती लौकर विझली. मग तोंडाला फडकी बांधलेली माणसं वर गेली. त्यांनी आधी शोभनाला खाली आणलं. ती स्वतःच्या पायांनी चालत आली, नखशिखांत भिजलेली, कुडकुडत. धूर दिसल्यावर तिने न्हाणीघराचं दार लावून घेतलं होतं, ओले कपडे दाराच्या फटीत कोंबले होते आणि नळ सोडून खिडकीच्या झडपेला नाक लावून बसली होती. तिला कोणी शिकवलं नव्हतं. बाहेर यायची भीती वाटली म्हणून ती आतच बसली, असं ती म्हणाली.

त्यानंतर त्यांनी ज्योत्स्नाला आणलं. न्हाणीघराच्या दारापासून थोड्याच अंतरावर ती पडलेली होती. अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. केस अजून ओलेच होते.

तिचे वडील संध्याकाळी आले. दामोदर महाले एसटीत कंडक्टर होते. निरोप त्यांना ड्यूटीवर असताना कुठल्या तरी स्टँडवर मिळाला होता. ते तसेच खाकी कपड्यांत आले, तिकिटांची पेटी आणि पैशांची बॅग गळ्यातच होती. मी त्यांना आधी भेटलेले होते. ज्योत्स्नाला भेटायला यायचे तेव्हा आम्हा दोघींसाठी मिळून भरीत-भाकरीचा डबा आणायचे. मला "बेटा" म्हणायचे. त्या दिवशी ते रडले नाहीत. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "घाबरली होती का?"

मी म्हटलं, "नाही काका. अजिबात नाही."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना एवढंच हवं होतं.

पुढचा आठवडा विचित्र गेला. संस्थेचे अध्यक्ष होते, त्यांना सगळे नानासाहेब म्हणत. त्यांनी सगळ्या खोल्यांची झडती घ्यायला लावली आणि मुलींच्या कॉइल, म्हणजे चहा करायच्या विजेच्या शेगड्या, एकत्र करून ऑफिसातल्या टेबलावर मांडून ठेवल्या. कॉइलला बंदी होती आणि प्रत्येक खोलीत ती होती. आमच्याही होती. नानासाहेबांनी मला बोलावून घेतलं, बस म्हणाले, चहा मागवला. मग गोडीगोडीने विचारायला लागले की ज्योत्स्नाला चहाची फार आवड होती ना, त्या दिवशी न्हाऊन आल्यावर तिने कॉइल लावलीच असेल. बिचारी गेली, तिला दोष कोण देणार, पण खरं काय ते नोंदवायला हवं.

मी सांगितलं की खोलीत त्या वेळी फक्त माझी इस्त्री चालू होती आणि आग खाली गाद्यांत लागली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांचा चहा माझ्या पुढ्यात तसाच राहिला. रात्री मला भेटायला आलेले माझे वडील म्हणाले, आपल्याला काय करायचंय हेमा, परीक्षा दे आणि घरी ये. त्यांचं चुकलं असं मला अजूनही म्हणता येत नाही. घाबरलेला बाप दुसरं काय सांगणार?

चौकशीला प्रांतसाहेब आले. कॉलेजच्या हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. मागच्या बाजूला काही पालक बसले होते, त्यांत महालेकाका. वीजमंडळाच्या माणसाने मीटरपासची जळकी वायर दाखवली आणि आग तिथूनच लागली, ती गाद्यांनी धरली असं सांगितलं, त्यामुळे कॉइलचा विषय आपोआप मिटला. मग प्रांतसाहेबांनी विचारलं, "मागच्या दाराला कुलूप कोणी लावलं होतं?"

 नानासाहेबांनी खैरनार बाईंकडे पाहिलं. बाई उभ्या राहिल्या. आग विझवताना भाजलेले त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले होते.

"मी लावलं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याही नाही," बाई म्हणाल्या. "मला योग्य वाटलं म्हणून मी लावलं."

मी पुढच्या बाकावर होते. मला वाटलं उठावं आणि सांगावं की असं नव्हतं, पालकांनी सभेत मागितलं होतं, संस्थेने मान्य केलं होतं, हे साऱ्या वसतिगृहाला ठाऊक आहे. मी अर्धवट उठलेसुद्धा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी किंचित हलवली. मी बसले. मागे वळून पाहिलं तर महालेकाकांची मान खाली होती. हातातली टोपी ते गोल गोल फिरवत होते.

बाईंना कामावरून काढलं. खटला भरण्याची भाषाही झाली, पण पुढे तो बारगळला. त्या सामान बांधत होत्या त्या दिवशी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. हातांमुळे त्यांना गाठी मारता येत नव्हत्या, त्या मी मारल्या. एकट्याच राहायच्या त्या. नवरा तरुणपणीच वारलेला, मूलबाळ नाही. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना जेलरबाई म्हणायचो. कोणाची पाळी लांबली की तीही त्यांच्या लक्षात असायची, आणि कोणी तापाने फणफणली की रात्रभर उशाशी बसायच्या.

"बाई, तुम्ही एकट्याने का घेतलं?" मी विचारलं. "कुलूप तर पालकांनी मागितलं होतं."

"कोणत्या पालकांनी, ते तुला ठाऊक आहे?"

"नाही. मी तेव्हा आले नव्हते."

"मग बरंच आहे." त्यांनी बांधलेलं गाठोडं पायाने बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "आणि मी काही खोटं बोलले नाही हेमा. कुलूप ह्याच हातांनी लावलं. किल्ली माझ्या कमरेला होती. महिन्यातून एकदा त्याच्यात तेलाचे चार थेंब घालून ते फिरवून बघावं, एवढंही मला सुचलं नाही. गाद्या तिथे पडल्यात हे मला रोज दिसत होतं. आता आणखी कोणाचं नाव घेतलं तर माझं कमी होणार आहे का? त्या माणसाचं मात्र वाढेल."

कोणत्या माणसाचं, हे मी विचारलं नाही. रिक्षा आली आणि त्या गेल्या.

जुलै महिन्यात नवी तुकडी आली. आम्ही दुसऱ्या वर्षाला गेलो होतो. वसतिगृहाला चुना फासला होता, मधल्या जिन्याखालची जागा मोकळी केली होती, तिथे वाळूच्या बादल्या टांगल्या होत्या. मागच्या जिन्याला नवं लोखंडी दार बसवलं होतं. त्याला अजून ना कुलूप होतं, ना ते कायम उघडं ठेवायचं ठरलं होतं. ते पालकसभेत ठरवू, असं नानासाहेब म्हणाले होते. नव्या रेक्टरबाईंनी आम्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलींना सभेत चहा वाटायला उभं केलं.

हॉल भरला होता. बहुतेक वडील, काही काका-मामा, आणि एका बाजूला भिंतीला टेकून बसलेल्या काही आया. मी किटली घेऊन मागच्या रांगेत गेले आणि थबकले. शेवटच्या खुर्चीवर महालेकाका बसले होते. धुतलेला पांढरा सदरा, टोपी. त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. त्यांची मुलगी आता तिथे शिकत नव्हती. मी कप पुढे केला. त्यांनी घेतला आणि नुसता हातात धरून ठेवला.

दाराचा विषय निघाला. यावलकडचा एक धिप्पाड गृहस्थ उठला आणि म्हणाला, जे झालं ते वाईटच झालं, पण एक अपघात झाला म्हणून पोरींना उघड्यावर टाकायचं का? मागे त्या जिन्याने माणूस वर गेला होता, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्याने दुजोरा दिला. तिसरा म्हणाला, कुलूप असू द्या, किल्ली फक्त चौकीदाराकडे ठेवा. माना डोलायला लागल्या. नानासाहेब सगळ्यांकडे पाहत होते. वारा कुठून वाहतोय ते त्यांना कळलं होतं. मग ठरलं तर, असं ते म्हणणारच होते, तेवढ्यात महालेकाका उठले.

"मी दामोदर महाले," ते म्हणाले. "ज्योत्स्नाचा बाप."

 पुढच्यांनी मागे वळून पाहिलं.

"गेल्या वर्षी ह्याच हॉलात मी उठलो होतो. आत्ता ते साहेब बोलले ना, अगदी तेच बोललो होतो. त्यांच्यापेक्षा जोरात बोललो होतो. खैरनार बाई म्हणत होत्या, दाराला आतून कडी लावू, तिथे रात्री बाई झोपवू, पण कुलूप नको. त्यांना मी सगळ्यांसमोर म्हटलं, तुम्हाला पोरगी नाही, तुम्हाला काय कळणार. कुलूप लावत नसाल तर मी आत्ताच्या आत्ता माझी पोर घेऊन जातो. मग बाकीचेही तसंच म्हणाले. बाई गप्प बसल्या."

त्यांनी थांबून श्वास घेतला.  मी पुढे होऊन त्यांच्या हातातला कप घेतला.

"मी एसटीत कंडक्टर आहे," ते पुढे म्हणाले. "माझ्या गाडीला मागे एक दार असतं. त्याच्यावर लिहिलेलं असतं, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. डेपोतून गाडी काढताना ते उघडतं का हे बघणं माझं काम. कोणी तिथे पोतं ठेवलं तर मी भांडतो, उतरवतो. इतकी वर्षं ते दार मी बघत आलो. आणि इथं येऊन म्हणालो, कुलूप लावा. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा बाईंनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. माझं नाव घेतलं नाही. मी मागे बसलो होतो आणि गप्प राहिलो. मी त्यांच्या गावी जाऊन आलो. त्यांनी मला पाणी दिलं, चहा दिला. त्या विषयावर एक शब्द बोलू दिला नाही."

यावलकडचा गृहस्थ केव्हाच खाली बसला होता. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. तेव्हा भिंतीपासच्या बायकांतून एकीने विचारलं, अगदी हळू, भांडणासाठी नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून, "पण दादा, दार उघडं ठेवलं आणि कोणी आत आलं तर?"

महालेकाकांनी तिच्याकडे पाहिलं.

"तर पोरी पळतील, ताई," ते म्हणाले. "पळायलाही दारच लागतं."

ते खाली बसले.  मग ती बाईच म्हणाली, "आतून कडी ठेवा. कुलूप नको." तिच्या शेजारचीही म्हणाली, कुलूप नको. मग पुरुषांतल्या एकाने हात वर केला. नानासाहेबांनी घसा खाकरला आणि तसं लिहून घ्यायला सांगितलं. दाराशी रात्री एक बाई झोपेल, महिन्यातून एकदा घंटा वाजवून सगळ्या मुलींना त्या जिन्याने खाली उतरवलं जाईल, असंही ठरलं. मी दुसऱ्या वर्षाला होते तोवर ते नेमाने होत होतं. पुढचं मला ठाऊक नाही.

सभा संपल्यावर लोक निघाले. जाताना काहींनी महालेकाकांच्या खांद्यावर हात ठेवला, काही त्यांना टाळून गेले. हॉल रिकामा झाला तेव्हा ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बेटा, तो जिना दाखवशील?"

मी त्यांना मागच्या अंगणात नेलं. दुपार टळत आली होती. दोऱ्यांवर मुलींचे कपडे वाळत होते. दार सताड उघडं होतं. मी बरोबर येऊ का म्हणून विचारलं, तर त्यांनी नको म्हणून हात केला आणि एकटेच आत शिरले. त्यांच्या वहाणांचा आवाज वर वर गेला. मग थांबला. किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही. वर व्हरांड्यात नव्या मुलींचं हसणं-बोलणं चालू होतं. तेही मध्येच बंद पडलं, बहुधा त्यांना पाहून. मग पावलं परत उतरायला लागली, हळूहळू, मध्ये कुठेही न थांबता.

ते दारातून बाहेर उन्हात आले. मागे वळून त्यांनी जिन्याकडे पाहिलं, वरच्या खिडकीकडे पाहिलं, पुन्हा जिन्याकडे पाहिलं.

"एवढंच होतं?" त्यांनी मला विचारलं.

"हो काका," मी म्हटलं. "एवढंच."